ड्राइव्हवे आणि साइडवॉकवरचा बर्फ: मीठ कुठलं, किती आणि कधी

पाऊलवाट | ४ डिसेंबर, २०:१५

डिसेंबर उजाडला की अमेरिका-कॅनडातल्या सभासदांचे तेच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखरून येतात. कुठलं मीठ आणावं, किती टाकावं, टाकूनही बर्फ का हलत नाही, काँक्रीटचे पोपडे का निघतात. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी भर घालावी.

आधी एक हिशोब. दोन गाड्यांचा ड्राइव्हवे धरा, २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. त्यावर १० सेंटिमीटर ताजा, हलका स्नो पडला तर त्याचं वजन भरतं साधारण साडेपाचशे किलो. जमीन उणे ७ सेल्सिअसला (२० फॅरनहाइट) असेल तर १ किलो रॉक सॉल्ट (खडे मीठ) साडेआठ किलोच्या आसपास बर्फ वितळवतं. म्हणजे तो सगळा स्नो मिठाने घालवायचा तर ६५ किलो मीठ हवं, ५० पौंडांची जवळजवळ तीन पोती! तोच ड्राइव्हवे फावड्याने नीट साफ करून मग मीठ टाकलं तर एक-सव्वा किलोत भागतं. स्नो फावड्याने किंवा स्नोब्लोअरनेच काढायचा. मीठ लागतं ते फक्त जमिनीला चिकटून राहिलेला पातळ थर सुटा करायला.

मीठ स्वतः उष्णता घेऊन येत नाही. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडे मीठ टाकतो तेव्हा बर्फ वितळतो आणि तरी पॉट शून्याच्या बराच खाली जातो, अगदी तेच इथे होतं. वितळायला लागणारी उष्णता जमिनीतून आणि हवेतून यावी लागते. त्यामुळे जमीन जितकी गार तितकं मीठ मंद. उणे १ ला एक किलो मीठ ४६ किलो बर्फ वितळवतं आणि पाचेक मिनिटांत फरक दिसतो. उणे ७ ला साडेआठ किलो, वीसेक मिनिटं. उणे १२ ला जेमतेम पाच किलो आणि तासाहून जास्त वेळ. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू उणे २१ पर्यंत जातो हे खरं, पण ते आधीच २३.३ टक्के मीठ विरघळलेल्या पाण्याचं. खडा कोरड्या बर्फावर पडतो तेव्हा त्याला विरघळायला पाणीच मिळत नाही. उणे ९ (१५ फॅरनहाइट) च्या खाली रॉक सॉल्ट टाकण्यात अर्थ नाही.

हे तापमान जमिनीचं, हवेचं नाही. फोनवर उणे ४ दिसत असतं आणि उत्तरेकडच्या सावलीतलं काँक्रीट उणे १० ला असतं. उलट नोव्हेंबरात हवा शून्याखाली गेली तरी जमिनीत ऊब शिल्लक असते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर जमिनीवर रोखला की नेमका आकडा कळतो. या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी वस्तू तीच.

क्रम असा: पडत असतानाच दर ५ सेंटिमीटरला एकदा फावडं फिरवायचं. साफ होईपर्यंत त्यावरून गाडी नेऊ नये, चाकाखाली दबलेला स्नो तासाभरात दगड होतो. थांबल्यावर शेवटचा हात, मग जिथे थर उरला आहे तिथेच मीठ. पंधरा ते तीस मिनिटं थांबायचं. थर खालून सुटला की फावड्याने किंवा आइस चिपरने तो ढकलून बाहेर. हा शेवटचा भाग बरेच जण गाळतात आणि चिखलासारखा बर्फ तसाच सोडतात. त्यात मीठ पातळ होत जातं आणि रात्री तो पुन्हा गोठतो.

प्रमाण: १००० चौरस फुटांना ४ पौंडांपेक्षा कमी. १२ औंसांचा कॉफीचा मग शिगोशीग भरला की साधारण एक पौंड होतं. खडे एकमेकांपासून तीन इंचांवर पडलेले दिसले की पुरे. मुठीने भिरकावलं तर याच्या तिप्पट-चौपट सहज जातं, म्हणून हाताने फिरवायचा छोटा स्प्रेडर घ्या. कोरड्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी मीठ दिसत असेल तर ते जास्तीचं होतं. झाडून डब्यात भरा, पुढच्या खेपेला चालतं.

खारा वारा | ४ डिसेंबर, २१:४०

उत्तम सुरुवात. फक्त रॉक सॉल्टवर थांबू नये, कारण मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, मॅनिटोबात जानेवारीत जमीन आठवडेच्या आठवडे उणे १५ च्या खाली असते.

कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता सोडतं आणि हवेतला ओलावा खेचून घेतं, त्यामुळे कोरड्या बर्फावरही त्याला सुरुवात करता येते. उणे २५ पर्यंत ते व्यवहारात चालतं. गोळ्या घेतल्या तर त्या बर्फात खाली भोक पाडत जातात, पाणी तळाशी पसरतं आणि थर उचलला जातो. पापुद्र्यांसारख्या फ्लेक्समध्ये साधारण ७७ टक्के माल असतो, गोळ्यांमध्ये ९४ टक्क्यांपर्यंत. किंमत बघताना हे धरा.

मॅग्नेशियम क्लोराइड उणे १५ च्या आसपासपर्यंत ठीक. ते बहुतेक स्फटिकरूपात येतं आणि त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं, प्रत्यक्ष मॅग्नेशियम क्लोराइड ४७ टक्के. म्हणून तेवढ्याच कामाला जास्त लागतं. पोटॅशियम क्लोराइड आणि युरिया उणे ४ च्या खाली फारसे कामाचे नाहीत. कॅल्शियम मॅग्नेशियम ॲसिटेट महाग, उणे ७ पर्यंत, पण लोखंडाला आणि काँक्रीटला सौम्य.

पोत्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'कॅल्शियमयुक्त' लिहिलेलं असतं. ते उलटवून घटक वाचा. पुष्कळदा त्यात ९० टक्क्यांच्या वर साधं मीठच असतं आणि वरून कॅल्शियमचा हलका हात फिरवलेला असतो. 'उणे अमुकपर्यंत चालतं' हा आकडाही बहुधा अगदी मंद गतीने का होईना, थोडं वितळलं त्या तापमानाचा असतो. त्यात दहा-बारा फॅरनहाइट वाढवून धरलं की व्यवहाराचा आकडा मिळतो.

साठवण: कॅल्शियम क्लोराइडचं पोतं उघडं राहिलं तर ते ओलावा पिऊन आधी ढेकूळ आणि मग चक्क पाणी होतं. घट्ट झाकणाची बादली हवी. हातमोजे घाला, ओल्या हाताला ते भाजतं. घरात बुटांबरोबर आलं की फरशीवर तेलकट, निसरडा पट्टा राहतो जो आपणहून वाळत नाही. पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मंनिम्म करून पुसलं की जातो.

गारगोटी | ५ डिसेंबर, ०७:५५

कॅल्शियम क्लोराइडच्या बाबतीत काँक्रीटच्या बाजूने थोडा विरोध नोंदवतो.

मिठाने काँक्रीट उखडतं तेव्हा साध्या मिठाचा दोष बहुतांशी रासायनिक नसतो. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. मीठ टाकलं की बर्फ वितळून ते पाणी वरच्या छिद्रांत शिरतं, पुन्हा गोठतं, पुन्हा वितळतं. गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्या वाढतात आणि छिद्रं कायम भरलेली राहतात. सर्वांत जास्त पोपडे निघतात ते पाण्यात मीठ साधारण ३ टक्के असताना. म्हणजे थोडं मीठ टाकून चिखल तसाच सोडला की बरोबर तीच अवस्था येते. पाऊलवाट यांनी ढकलून बाहेर काढा म्हटलं आहे ते काँक्रीटसाठीही तितकंच महत्त्वाचं.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड मात्र काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियम ऑक्सिक्लोराइड तयार करतात. ते फुगतं, आणि त्याला पाणी गोठावंही लागत नाही, शून्याच्या वरही होतं. मिडवेस्टातल्या रस्त्यांवर करवतीने कापलेल्या सांध्यांच्या कडा खाऊन गेलेल्या दिसतात, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. म्हणून हे पदार्थ फक्त खरोखर गार दिवसांसाठी ठेवा, सांध्यांमध्ये साठू देऊ नका, वसंतात पहिल्या उबदार आठवड्यात सांधे पाण्याने धुऊन काढा.

नवीन स्लॅबवर पहिल्या हिवाळ्यात कुठलंही मीठ नको. वाळू किंवा बारीक खडी टाका. स्लॅब घालणाऱ्याला आधीच विचारून ठेवायच्या गोष्टी: हवा ५ ते ८ टक्के आहे का (मुद्दाम सोडलेले सूक्ष्म बुडबुडे, फुगणाऱ्या पाण्याला तीच जागा), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आहे का, ताकद ४००० ते ४५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आहे का. आणि वर पाणी सुटलेलं असताना थापी फिरवू नये. ते पाणी वरच्या थरात दाबलं गेलं की वरचे दोन-तीन मिलिमीटर कच्चे राहतात, आणि पोपडे निघतात ते तिथेच. मिश्रणात चांगला माल असूनही केवळ घाईच्या थापीमुळे ड्राइव्हवे खराब होतात.

सीलर लावायचा तर सिलेन किंवा सिलोक्सेनचा, जो आत मुरतो. वर चकाकी आणणारा ॲक्रिलिक सीलर बर्फात निसरडा होतो. स्लॅब २८ दिवस मुरलेला, पूर्ण कोरडा, हवा १० सेल्सिअसच्या वर. म्हणजे सप्टेंबरच्या पुढे ढकलू नका.

अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट काँक्रीटवर कधीच नको, ते सिमेंटच खातात. बागेसाठी आणलेलं खत पोत्यात उरलं म्हणून ड्राइव्हवेवर टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नये. डांबराला मिठाचा रासायनिक त्रास नाही, पण भेगेत पाणी शिरून गोठलं की खड्डा ठरलेला, म्हणून भेगा शरदातच भरून घ्या. ब्लूस्टोन, चुनखडी, सँडस्टोनच्या पायऱ्यांवर मीठ टाळावं, त्यांचे पापुद्रे निघतात.

खारा वारा | ५ डिसेंबर, ०९:२०

गारगोटी, सांध्यांचा मुद्दा मान्य. पण उणे २० ला पायरीवर काचेसारखा बर्फ असेल आणि घरात वयस्कर माणसं असतील तर काँक्रीटपेक्षा खुबा महत्त्वाचा. त्या दिवशी कॅल्शियमच टाकेन, फक्त चार पायऱ्या आणि गाडीपर्यंतच्या वाटेवर.

गारगोटी | ५ डिसेंबर, ०९:३४

त्याला माझी ना नाही. अख्ख्या ड्राइव्हवेवर अख्खा हिवाळा ते शिंपडत राहणं नको, एवढंच म्हणणं. आणि उणे २० ला चार पायऱ्यांसाठीही आधी वाळूचा विचार करा, पकड लगेच मिळते.

तुळशीवृंदावन | ५ डिसेंबर, १२:१०

वाचते आहे, खूप उपयोगी. दोन-तीन शंका. घरातलं साधं मीठ चालेल का? गरम पाणी ओतलं तर? आणि इंटरनेटवर गरम पाणी, भांड्याचा साबण आणि रबिंग अल्कोहोल यांचं मिश्रण फार फिरतं आहे, ते खरं आहे का? वाळूऐवजी मांजरीची लिटर किंवा फायरप्लेसची राख?

पाऊलवाट | ५ डिसेंबर, १३:०५

तुळशीवृंदावन ताई, घरातलं मीठ सोडियम क्लोराइडच, त्यामुळे चालतं. बारीक असल्याने पटकन विरघळतं आणि वरवरच संपतं, खाली भोक पाडत जात नाही. जाड थरावर खडेच हवेत. अडीनडीला एका पायरीपुरतं ठीक.

गरम पाण्याचा हिशोब करून बघा. ६० अंशांचं एक लिटर पाणी शून्यापर्यंत गार होताना सुमारे २५० किलोज्यूल देतं, आणि एक किलो बर्फ वितळायला ३३४ लागतात. म्हणजे १० लिटरची बादली अगदी एकही कण उष्णता वाया गेली नाही तरी साडेसात किलो बर्फ वितळवते. ३ मिलिमीटर थर असेल तर तीन चौरस मीटरही पुरे होत नाहीत. आणि हातात येतं साडेसतरा लिटर शून्य अंशाचं पाणी, जे उताराच्या पायथ्याशी जाऊन आणखी गुळगुळीत गोठतं. गोठलेल्या काँक्रीटला किंवा दगडाला तापमानाचा धक्का बसून तडा जाऊ शकतो तो वेगळाच.

जपानच्या नागाओका शहरात रस्त्याच्या मधोमध नळ्या घालून जमिनीखालचं पाणी कारंज्यासारखं सोडतात आणि स्नो वितळवतात, १९६१ पासून. पण तिथे भूजल साधारण १३-१४ अंशांचं, हवा शून्याच्या आसपास, स्नो ओला, आणि पाणी सतत वाहतं. शिकागो किंवा विनिपेगच्या थंडीत तसं केलं तर स्केटिंगची रिंक होईल. आणि तिथेही इतकं पाणी उपसल्याने जमीन खचण्याचा प्रश्न उभा राहिलाच.

अल्कोहोलचं मिश्रण: काम अल्कोहोल करतं, साबण नाही. पातळ थरावर क्षणभर परिणाम दिसतो, मग अल्कोहोल उडून जातं, मागे साबणाचं पाणी उरतं आणि ते गोठतं. गाडीच्या काचेला ठीक, चालायच्या वाटेवर नको. शिवाय ते पेट घेणारं आहे, गॅरेजमध्ये साठवू नये. व्हिनेगरही तसंच दुबळं, आणि आम्ल असल्याने काँक्रीट आणि चुनखडीला वाईट.

लिटरची माती भिजली की चिखल होते आणि उलट घसरतं. राख गडद असल्याने ऊन शोषते, पकडही देते, पण बुटांना लागून घरभर होते आणि ती अल्कधर्मी आहे. निखारा राहिला नाही याची खात्री करून लोखंडी डब्यातली चार-पाच दिवसांची जुनी राखच वापरा. पकडीसाठी सर्वांत चांगली जाड, धुतलेली वाळू किंवा कोंबड्यांना घालतात ती बारीक खडी. ही वितळवत काही नाही, म्हणून मिठाबरोबर मिसळून टाकू नये. मीठ टाकायचं तेव्हा मीठ, फार थंडी असेल तेव्हा वाळू. वसंतात झाडून उचलायची, नाहीतर गटारं तुंबतात.

धुक्यातलं गाव | ५ डिसेंबर, १९:३०

स्नो पडायच्या आधी मिठाचं पाणी फवारण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. रस्त्यांवर ट्रकमागे दिसणाऱ्या समांतर पांढऱ्या रेषा त्याच. घरीही सहज जमतं आणि मीठ कितीतरी कमी लागतं, कारण बर्फ जमिनीला चिकटण्याआधीच मीठ तिथे असतं.

१० लिटर पाण्यात ३ किलो मीठ. ही २३.३ टक्क्यांच्या अगदी जवळची मात्रा आहे. जास्त मीठ घातलं तर जास्त चांगलं असं नाही, त्या टक्केवारीच्या पुढे गोठणबिंदू पुन्हा वर चढतो आणि मीठ खाली बसून नोझल बंद पाडतं. रॉक सॉल्टमध्ये माती-खडे असतात, म्हणून पाणी मऊ करायच्या यंत्रासाठी मिळतं ते स्वच्छ मीठ घ्या. तेही लोह काढणारी भर नसलेलं. कोमट पाण्यात ढवळा, तासभर ठेवा, जुन्या सुती पंचातून गाळा. हायड्रोमीटर असेल तर घनता १.१७ ते १.१८ च्या दरम्यान यायला हवी.

बागेतला पाठीवरचा किंवा हातपंपाचा फवारा चालतो. पितळी नोझल नको, प्लॅस्टिकचं. तणनाशकाला वापरलेला तर मुळीच नको. १००० चौरस फुटांना अडीच लिटर. सगळीकडे भिजवायचं नाही, १५-२० सेंटिमीटर अंतराने रेषा ओढायच्या. मध्ये कोरडी जागा राहिली पाहिजे, नाहीतर ओलं मीठच निसरडं होतं. स्नो यायच्या काही तास आधी ते अगदी आदल्या दिवशीही मारता येतं. वाळलं की पांढरी रेष राहते आणि पहिला स्नो पडल्यावर ती जागी होते.

तीन वेळा मारू नये: आधी पाऊस येऊन मग स्नो होणार असेल तेव्हा (वाहून जातं), जमीन उणे ९ च्या खाली असेल तेव्हा, आणि वारा कोरडा स्नो नुसता उडवून नेणार असेल तेव्हा. शेवटच्या वेळी ओल्या रेषाच उडणारा स्नो पकडून ठेवतात. गोठणारा पाऊस असेल तर ब्राइन (हे मिठाचं पाणी) विसरा, पाऊस सुरू होताच जाड खडे टाका.

झाल्यावर फवाऱ्यातून दोनदा स्वच्छ पाणी काढा, नाहीतर पुढच्या वेळी पंप जाम झालेला सापडेल.

बीटचा रस मिसळलेली तयार द्रावणं मिळतात. मीठ जमिनीला चिकटून राहतं आणि गंज कमी होतो, हे त्याचे फायदे. घरच्या ड्राइव्हवेला त्याची गरज नाही, आणि डाग पडतात.

रानजाई | ६ डिसेंबर, ०८:१५

मीठ वितळवून झाल्यावर जातं कुठे, हेही धाग्यात असावं. मिठातलं क्लोराइड माती धरून ठेवत नाही, झाडं ते संपवत नाहीत, गाळण यंत्रणेतही ते अडत नाही. मिनेसोटाच्या प्रदूषण नियंत्रण विभागाचं साधं माप आहे: एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करतं. जलचरांसाठी दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड. तुमच्या दारातलं गटार बहुतेक ठिकाणी थेट जवळच्या तळ्यात किंवा ओढ्यात जातं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त टाकलेल्या दोन किलोंचं काय होतं ते कळतं.

झाडांबाबत: मिठाचा स्नो फावड्याने लॉनवर किंवा झुडपांच्या मुळाशी टाकू नका. व्हाइट पाइन, शुगर मेपल, यू ही विशेष नाजूक. जमीन वितळली की त्या कडेला दोन-तीनदा भरपूर पाणी सोडा, मीठ मुळांच्या खाली उतरतं.

कुत्री: 'पेट सेफ' या शब्दांना कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. बहुतेकदा आत युरिया किंवा मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते सौम्य खरं, पण निर्धोक नव्हे. फिरून आल्यावर पंजे कोमट पाण्यात बुडवून बोटांमधलं पुसून काढा. चाटून पोटात गेलं की उलट्या होतात. कॅल्शियम क्लोराइडने पंजे भाजतात. पोतं आणि बादली त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

उतारावरचं घर | ६ डिसेंबर, ११:५०

आमचा ड्राइव्हवे उत्तरमुखी आहे, चढ बराच, आणि पुढच्या वर्षी तो उखडून नवा करायचा आहे. जमिनीखालून गरम करणारी यंत्रणा घालावी का? वीज की पाणी? खर्च कसा धरायचा?

विजेरी | ६ डिसेंबर, २१:२५

उखडणारच असाल तर हीच वेळ. असलेल्या स्लॅबखाली नंतर घालता येत नाही.

विजेचा हिशोब. केबल साधारण चौरस फुटाला ५० वॉट. ६०० चौरस फुटांना ३० किलोवॉट, २४० व्होल्टला १२५ अँपिअर. सतत चालणाऱ्या भाराला सव्वापट क्षमता धरावी लागते, म्हणजे १५६. घराचं कनेक्शन २०० अँपिअरचं असेल तर स्वयंपाकघर, हीटर, गाडीचं चार्जिंग यांना काय उरणार? म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण ड्राइव्हवे विजेवर बसत नाही. फक्त चाकांचे दोन पट्टे, प्रत्येकी २ फूट रुंद, घेतले तर १२० चौरस फूट, ६ किलोवॉट, २५ अँपिअर. हे बसतं. एका स्नोफॉलला तापणं, वितळणं आणि वाळणं धरून आठ तास चाललं तर ४८ युनिट, १५ सेंटच्या दराने सात डॉलरच्या थोडं वर. पूर्ण ड्राइव्हवेला त्याच हिशोबाने २४० युनिट, ३६ डॉलर.

गंमत म्हणजे १० सेंटिमीटर स्नो नुसता वितळवायला ६०० चौरस फुटांना ५२ युनिट पुरतात. बाकीची वीज स्लॅब तापवायला, खाली जमिनीत, वर वाऱ्यात आणि पाणी वाळवायला जाते. यातलं खाली जाणारं अडवणं आपल्या हातात असतं: स्लॅबखाली आणि कडांना ५ सेंटिमीटर एक्सपीएस (घट्ट फोमच्या तक्त्यांचं) इन्सुलेशन. खर्च वाचवण्यासाठी सर्वांत आधी हेच गाळलं जातं आणि मग यंत्रणा 'चालते पण वितळत नाही'.

पाण्याची यंत्रणा: पाऊण इंची पेक्स (लवचीक प्लॅस्टिकची) नळी, ९ ते १२ इंच अंतराने, तारेच्या जाळीला बांधून स्लॅबच्या मध्याजवळ. प्रत्येक वेटोळं सारख्या लांबीचं, साधारण २५०-३०० फुटांच्या आत, नाहीतर लांब वेटोळ्याच्या शेवटी पट्टा गार राहतो. आत प्रॉपिलीन ग्लायकॉल ४० ते ५० टक्के, गंजरोधक घातलेलं. गाडीत घालायचं इथिलीन ग्लायकॉल नको, गळलं तर विषारी. उष्णता चौरस फुटाला तासाला १०० ते १५० बीटीयू (उष्णतेचं एकक) धरतात. म्हणजे ६०० चौरस फुटांना ६०,००० ते ९०,००० बीटीयूचा बॉयलर, घराच्या हीटिंगपासून उष्णता-विनिमयकाने वेगळा केलेला. नॅचरल गॅस असलेल्या ठिकाणी चालवायला हीच स्वस्त, बसवायला महाग.

मिशिगनमधल्या हॉलंड गावात मुख्य बाजारातले रस्ते आणि साइडवॉक १९८८ पासून अशाच नळ्यांनी मोकळे ठेवतात, वीजकेंद्रातलं वाया जाणारं गरम पाणी वापरून. आइसलंडच्या रेक्याविकमध्ये घरं तापवून परत आलेलं सुमारे ३५ अंशांचं भूगर्भीय पाणी फुटपाथखालून फिरवतात. उष्णता फुकट असली की गणितच बदलतं.

काम चालू असताना अंगावर घेऊन तपासायच्या गोष्टी. पेक्स दाबाखाली ठेवून काँक्रीट ओतायचं, मापकाचा काटा पडला तर गळती तिथल्या तिथे कळते. केबलचा रोध आणि इन्सुलेशनचा रोध तीनदा मोजायचा: रीळ उघडताना, अंथरल्यावर, ओतल्यानंतर. आकडे लिहून ठेवायचे, हमीसाठी तेच लागतात. केबल स्वतःवरून कधी जाऊ नये, प्रसरण सांध्यातून नेऊ नये. ओतण्याआधी टेप ठेवून फोटो काढा, पुढे कुणी गेटचा खांब रोवायला ड्रिल लावेल तेव्हा उपयोग होतो. डांबराखाली पेक्स घालत असाल तर डांबर दीडशे अंशांच्या आसपास येतं. नळीवर आधी वाळू किंवा दगडाच्या चुरीचा दाबलेला थर आणि आत थंड पाणी फिरतं ठेवणं, दोन्ही हवं.

नियंत्रण हाताने चालू-बंद करण्यावर ठेवू नका. जमिनीत बसवलेला ओलावा आणि तापमान दोन्ही बघणारा सेन्सर घ्या. गार स्लॅब तापायला दोन-चार तास लागतात, स्नो साठल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. विजेच्या यंत्रणेला ३० मिलिअँपिअरचं ग्राउंड फॉल्ट संरक्षण (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारं) अत्यावश्यक.

आणि पाणी. वितळलेलं पाणी उताराने खाली येतं आणि गरम भाग संपतो तिथे गोठतं, म्हणजे नेमकं साइडवॉकवर. पायथ्याशी आडवी जाळीची मोरी, तिच्याखालूनही एक केबल, आणि पाणी गोठणपातळीच्या खालच्या पाइपात. हे आराखड्यात नसेल तर त्या ठेकेदाराला काम देऊ नका.

एवढा खर्च नको असेल तर पायऱ्यांसाठी रबरी गरम चटया मिळतात, १२० व्होल्टच्या. बाहेरच्या जीएफसीआय (तेच गळतीचं संरक्षण असलेल्या) सॉकेटलाच लावायच्या, आणि एका सर्किटवर किती चटया चालतील ते वॉटची बेरीज करून बघायचं.

पूर्वेचा कठडा | ७ डिसेंबर, ०७:४०

नियमांची थोडी भर. शिकागोत सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडलेला स्नो रात्री १० पर्यंत, रात्रीचा पडलेला सकाळी १० पर्यंत काढायचा, किमान ५ फूट रुंद वाट. मिनिआपोलिसमध्ये एका-दोन कुटुंबांच्या घरांना २४ तास, बाकी इमारतींना दिवसाचे ४ तास. न्यूयॉर्कमध्ये सकाळी ७ ते दुपारी ४:४९ मध्ये थांबला तर ४ तास, रात्री ९ नंतर थांबला तर सकाळी ११ पर्यंत. आपापल्या गावाचं बघून ठेवा. ड्राइव्हवेचा स्नो रस्त्यावर ढकलणं बहुतेक शहरांत बेकायदा आहे.

नगरपालिकेचा प्लाऊ (स्नो ढकलणारा ट्रक) जाऊन ड्राइव्हवेच्या तोंडाशी स्नोचा बांध घालतो त्यावर उपाय: रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लाऊ तुमच्या डावीकडून येतो. डावीकडे रस्त्याच्या कडेला दहा-पंधरा फूट लांब खिसा साफ करून ठेवा आणि तुमचा स्नो उजवीकडे रचा. पात्यावरचा बराच माल त्या खिशात पडतो आणि तोंडाशी बांध लहान राहतो. उरलेला ताजा असतानाच काढा, त्यात रस्त्याचं मीठ असतं आणि तो गोठला की कुदळीशिवाय हलत नाही.

उतारावरचं घर | ७ डिसेंबर, १०:०५

विजेरी, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. चाकांचे पट्टे आणि खाली मोरी हेच पटतंय. आणखी एक: गॅरेजच्या कोपऱ्यात दरवर्षी एकाच जागी जाड बर्फ धरतो, स्नो पडलेला नसतानाही. कितीही मीठ टाकलं तरी दोन दिवसांत परत.

गारगोटी | ७ डिसेंबर, १०:४८

तिथे पाणी येत आहे. मिठाने ते थांबणार नाही. वर बघा: पन्हळीचा पाइप तिथेच सुटतो का? छपरावरचा स्नो दुपारी उन्हाने वितळतो, पाइपातून येतो आणि सूर्य कलला की गोठतो. पाइपाला खाली लांबी जोडून पाणी ५-६ फूट लांब, चालायच्या वाटेपासून दूर सोडा. पन्हळ पानांनी तुंबून कोपऱ्यावरून ठिबकते का तेही बघा. दुसरा संशय सम्प पंपाच्या (तळघरातलं पाणी उपसणाऱ्या) पाइपाचा, तो भिंतीलगतच सोडलेला असतो बऱ्याचदा. दोन्ही नसेल तर कोपऱ्यात स्लॅब खचून बशी झाली आहे. लेव्हल ठेवून बघा, उतार गॅरेजपासून दूर फुटाला पाव इंच हवा. पुढच्या वर्षी नवीन स्लॅब घालणारच आहात, तेव्हा तो उतार ठेकेदाराच्या कागदावर लिहून घ्या.

तोवर तिथे रोज मीठ ओतू नका, ३ टक्क्यांचं पाणी साठवून ठेवणारी ती सर्वांत वाईट जागा आहे. वाळू टाका आणि पाइपाची लांबी याच आठवड्यात जोडा.